गच्चीवरचे बायसन

त्या थंडीत आमच्या दुबईच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, एकाच वाफ्यात लावलेल्या माझ्या मेथीचा पुदिन्याने पार जीव घुसमटवला होता. तेवढ्यात लेकीने शाळेचा प्रोजेक्ट वाचून दाखवला. अमेरिकेतल्या माळरानांवर बायसन परत आणून सोडले, त्यांनी माजलेलं उंच गवत खाल्लं आणि खाली दबलेल्या रानफुलांना ऊन मिळालं.

मला बायसन आणणं शक्य नव्हतं, पण शेजारी होते. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं, "गच्चीवर पुदिना फुकट आहे, यल्ला, चला लवकर." तीन-चार शुक्रवारच्या बिर्याण्यांत पुदिना खलास झाला आणि मेथी तरारून वर आली. स्वतःच्या हुशारीवर मी बेहद्द खूश होतो.

शनिवारी पिशवी घेऊन वर गेलो, तर वाफ्यात मेथीची काडीसुद्धा नव्हती. चरफडत खाली आलो. संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभी गरम मेथी पराठ्यांचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुमच्याच गच्चीवरची हां."

पराठे झकास होते. लेक म्हणाली, "बाबा, बायसन ऑल्सो गिव्ह बॅक टू द लँड."

काय परत देतात, हे मी तोंडात घास असताना विचारायला नको होतं.