तेच पन्नास आकडे

बोरीवलीला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी आयुष्यात एकही चूक केली नाही. निदान कबूल तरी केली नाही. मरोळच्या एका कारखान्यात तीस वर्षं दुसऱ्यांनी बनवलेले स्क्रू नापास करण्यात गेल्यामुळे चूक ही नेहमी समोरच्याची असते, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा एक मजला जास्त चढून त्यांनी भलत्याच दाराला किल्ली लावली आणि आतून बाहेर आलेल्या बाईंनाच "पाटी जरा मोठी लावा" म्हणून सुनावलं.

असा माणूस रिटायर झाला की सोसायटीच्या सेक्रेटरीला छळतो. यांनी छळायला वर्तुळातला पाय घेतला, तो तीन पूर्णांक एक चार एक पाच नऊ करत कधीच न संपणारा. भाच्याने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर त्याचे काही हजार आकडे छापून दिले होते. काकू जाड भिंगांचा चष्मा लावून ते मोठ्याने वाचायच्या, काका चौकटीच्या वहीत उतरवायचे आणि मग पुन्हा पुन्हा येणारे आकडे तांबड्या पेन्सिलीने घेरायचे. रोज सकाळी भिंतीपलीकडून ही आरती आम्हाला फुकट ऐकू यायची. एकदा मला हाताला धरून नेलं आणि लागोपाठ सहा वेळा आलेला नऊ बारशाला बाळ दाखवावं तसा दाखवला.

"काका, आकडे दहाच. कधीतरी शेजारी येणारच ना," मी म्हणालो.

"तुला नाही कळणार रे. तू कॉमर्सवाला."

पुढे त्यांना मोठाच शोध लागला. पन्नास आकड्यांची अख्खी ओळ लगेच खाली जशीच्या तशी पुन्हा आली होती. दुसऱ्या कुणी आधी छापील कागद काढून पाहिला असता. पण ते म्हणजे स्वतःवर संशय घेणं, आणि ते काकांना या जन्मी जमणारं नव्हतं. त्यांनी सरळ सत्यनारायण घातला, मजल्यावरच्या सगळ्यांना बोलावलं आणि कुठल्याशा प्राध्यापकांच्या नावाचं पाकीट तिकिटं लावून देवापुढे ठेवलं. उद्या ते पोस्टात पडणार होतं. मी कागद मागून घेतला आणि वहीशी ताडून पाहिला. दोन मिनिटांचं काम. मधेच कुकर उतरवायला काकू उठल्याचं मी एका सकाळी ऐकलं होतं, त्यामुळे सगळा उलगडा झाला. इतक्या वर्षांनी सापडलेली संधी मी कशाला सोडतोय?

"काका, कागदावर ही ओळ एकदाच आहे," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "वाचताना दोनदा वाचली गेलीय."

काकू प्रसादाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पार उतरला. आता काकूंची धडगत नाही, हे माझ्या तेव्हा कुठे लक्षात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. काकांनी वही पाहिली, कागद पाहिला, मग काकूंकडे पाहिलं.

"तिने एकदाच वाचली," ते म्हणाले. "मीच दोनदा लिहिली. माझी चूक."

हे धडधडीत खोटं होतं. सगळ्यांना प्रसाद वाटून झाल्यावर ते पाकिटावरची तिकिटं पाणी लावून सोडवत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "तीन पूर्णांक, एक, चार..." आणि मागोमाग काकांचा, "सावकाश वाच गं. घाई नाही."

पुढे आम्ही मुलुंडला राहायला गेलो. इथल्या भिंती जाड आहेत, पलीकडचं काही ऐकू येत नाही. सकाळी चहा घेताना अजून चुकल्याचुकल्यासारखं होतं.