रेडिओवर न लावायचं गाणं

डेल्मस कोम्ब्जच्या तोंडाला कधी कुलूप नसायचं, आणि त्याच तोंडावर त्याचं पोट चालायचं. पूर्व केंटकीच्या डोंगरातलं आमचं पिजन फोर्क गाव, तिथे फर्निचरच्या दुकानावर दोन खोल्यांचं रेडिओ स्टेशन. कोण वारलं, कोणाची गाय हरवली, कोणाला जुना ट्रॅक्टर विकायचाय, हे सगळं डेल्मस सांगायचा आणि मधेमधे गाणी लावायचा.

म्हणूनच व्हर्ना के स्टिडमच्या गाण्यांचा पहिला अल्बम नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीत तयार झाला, तेव्हा सीडी घेऊन ती आधी त्याच्याकडे आली. ती त्याच्या मित्राची, ऑर्बिनची मुलगी. डेल्मसच्या अंगाखांद्यावर वाढलेली.

"डेल्मसकाका, लोकांचे कान किटेपर्यंत लावा सगळी गाणी. फक्त शेवटचं नको."

"का गं? सर्दी झाली होती का तेव्हा?"

"बाबांच्या कानावर पडायला नको. त्यांना मी वेगळी कॅसेट भरून दिलीय, तीत ते नाहीच. आणि रेडिओ म्हणाल तर तुमच्याशिवाय दुसरं काही ते ऐकत नाहीत."

"नाही लावणार. शब्द दिला."

ती गेल्या गेल्या त्याने तेच लावून ऐकलं. 'झोपेचं सोंग' असं त्याचं नाव. बाप पिऊन घरी येतो, आईवर हात टाकतो, आणि भिंतीकडे तोंड करून पडलेली पोर डोळे घट्ट मिटून घेते. ऑर्बिनची दारू सुटून कैक वर्षं झाली होती. नदीवर दोघं गळ टाकून बसले की तो एकच गोष्ट घोळवायचा, "देवाने एवढं तरी सांभाळलं बघ. व्हर्ना के झोपलेली असायची." या एका समजुतीवर तो माणूस ताठ उभा होता.

कंपनीने अल्बममधून आधी एक नाचाचं गाणं बाहेर काढलं, मग एक रुसव्याफुगव्याचं. दोन्ही तुफान चालली. मोठ्या शहरांतली स्टेशनं ती दिवसभर वाजवायची आणि डेल्मस त्यांच्या मागून. पोरगी आमच्या गावची आणि टेंभा मिरवणार दुसरेच! खरं सोनं शेवटच्या गाण्यात आहे, हे फक्त आपल्यालाच कळलंय, या विचाराने त्याचे हात शिवशिवायला लागले.

ऑर्बिनचं चर्च जुन्या वळणाच्या बॅप्टिस्टांचं. महिन्यातून एकदाच भरतं, पण भरलं की एकामागून एक उपदेशक उभे राहतात आणि दुपारपर्यंत कोणी हलत नाही. तासाभरात चर्चमधून सुटणाऱ्या मेथडिस्ट पंथाच्या डेल्मसला त्याची नेहमी गंमत वाटे. त्याने हिशेब केला, ऑर्बिन बाकावर अडकलेला असेल तेव्हा एकदाच लावू.

त्या रविवारी लावलं. फोन खणखणायला लागले. बाया रडत होत्या, पुन्हा लाव म्हणत होत्या. "सगळ्यात आधी तुम्ही आमच्याकडे ऐकलंत, बरं का!" असं वर त्याने फुशारकीने सांगितलंही.

चर्च सुटल्यावर सगळ्यांचं जेवण असतं, आणि ते रांधायला काही बाया घरी राहतात, रेडिओ चालू ठेवून, हे मात्र त्या शहाण्याच्या लक्षात आलं नाही. कोंबडीच्या रश्श्यातले पिठाचे गोळे वाढता वाढता त्यांतली एक ऑर्बिनला म्हणाली, "तुझ्या पोरीच्या 'झोपेचं सोंग'ने रडवलं रे आज!"

सोमवारी ऑर्बिन जिना चढून आला. टोपी काढली, खुर्चीत बसला.

"लाव."

"अरे, गाणंच ते. गाण्यात काय, वाढवून सांगतात..."

"डेल्मस, लाव."

ऑर्बिनने हेडफोन कानाला लावून पूर्ण ऐकलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"मी प्यायचो हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याची लाज मी कधीच गिळलीय," तो म्हणाला. "पण ती जागी होती रे."

"ऑर्बिन, माझं चुकलं."

"तिने एवढं जपून माझ्यापासून लांब ठेवलं होतं. आणि तू..." तो टोपी घालून उठला.

पुढचं डेल्मसच्या हातात उरलं नाही. आमच्या गावात ते गाजल्याचं कंपनीला कळलं आणि ते गाणंही बाहेर काढलं गेलं. देशभर पहिल्या नंबरावर गेलं. व्हर्ना केचा फोन आला. "काका, मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती." एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याने ते गाणं आपल्या स्टेशनवर बंद करून टाकलं. आता बंद करून काय उपयोग होता! तो स्वतःलाच शिव्या घालायचा, आणि एकट्याने नदीवर जाणंही त्याने सोडलं.

मग एका सकाळी, फर्माइशींच्या वेळात, सगळं गाव ऐकत असताना फोन वाजला.

"बोला, कोणतं लावू?"

"ऑर्बिन बोलतोय. पोरीचं ते शेवटचं लाव."

डेल्मस म्हणाला, "कशाला रे छळतोस स्वतःला? ते सोडून काहीही माग."

"ती जागी पडून सगळं सोसत होती, तेव्हा मला काही ऐकू आलं नाही," ऑर्बिन म्हणाला. "आता रोज ऐकायचंय मला. उद्याही फोन करीन."

डेल्मसने गाणं लावलं. मग हात लांब करून आपल्या खोलीतल्या स्पीकरचा आवाज पार बंद केला, आणि ते संपेपर्यंत आवाज मोजणाऱ्या यंत्राच्या काचेमागे हलणारी सुई नुसती बघत बसला.