विहिरीपासून सहावी ओळ

शेजारच्या काकांना पोचवायला मी महापालिकेच्या स्मशानात गेले होते, तेव्हा फाटकावर चिकटवलेला कागद वाचला. मागच्या बाजूचं जुनं बालस्मशान खणून सपाट करायचं आणि तिथं बाग, चालायचा रस्ता आणि कारंजं बांधायचं, असं त्यावर लिहिलं होतं. घरी येऊन आंघोळ केली आणि जेवताना मी ते आईला सहज सांगितलं. आईनं हातातला घास ताटात परत ठेवला.

माझ्या आधी दोन वर्षं आईला एक मुलगी झाली होती आणि ती अकराव्या दिवशी गेली. एवढंच आम्हा भावंडांना ठाऊक होतं. बाबा आणि धाकटे काका तिला कापडात गुंडाळून घेऊन गेले. आई बाळंतिणीच्या खोलीत होती, आणि आमच्याकडे तेव्हा बायका स्मशानात जात नसत. पुरलं कुठं ते बाबांनी सांगितलं नाही, आईनंही विचारलं नाही. आता बाबाही नाहीत आणि काकाही नाहीत.

“मला तिथं घेऊन चल,” आई म्हणाली. “त्यांनी खणायच्या आधी.”

तेव्हा ती त्र्याऐंशी वर्षांची होती, गुडघ्यांनी अधू. मी म्हटलं, आधी मी जागा शोधते, मग तुला नेते. माझी सगळी नोकरी जमिनीचे नकाशे काढण्यात गेली आहे, त्यामुळे एवढं तरी मला जमेल असं वाटलं.

निजामपुऱ्यातल्या आमच्या घरापासून ते स्मशान रिक्षानं दहा मिनिटांवर आहे. फाटकातून आत गेलं की विसाव्याचा ओटा, मग बसायची शेड, समोर चितेचे चार ओटे आणि त्यांच्या उजव्या हाताला नवी गॅसची भट्टी. डावीकडे लाकडांची वखार. तिच्या मागं पूर्वेच्या भिंतीपर्यंत गवत आणि बाभळी माजलेला मोठा तुकडा, तेच बालस्मशान. संस्थानच्या काळात ही जागा नेमून दिली होती म्हणतात. तो तुकडा भरल्यावर लहान मुलांसाठी दुसरीकडे सोय झाली आणि इकडे कुणी फिरकेनासं झालं.

तिथली देखरेख एक गुजराती बाई करतात. आधी त्यांच्या सासूबाई हे काम करत. मी त्यांना काय हवंय ते सांगितलं. त्यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि नोंदींचे जुने चोपडे माझ्यासमोर मांडले. तीन सकाळी आम्ही दोघी पानं उलटत बसलो. काही पानं वाळवीनं खाल्लेली, काहींवरची शाई पसरलेली. तिसऱ्या दिवशी बाबांचं नाव सापडलं. त्यापुढे गुजरातीत लिहिलं होतं, ‘बाळकी, अगियार दिवस. कूवाथी छठ्ठी हार, नवमी जग्या.’ म्हणजे मुलगी, अकरा दिवसांची; विहिरीपासून सहावी ओळ, नववी जागा.

बाबांनी तर जागा नोंदवून ठेवली होती. घरी येऊन एक शब्द बोलले नाहीत, पण नोंदवून ठेवली होती. मला बराच वेळ चोपड्यातलं पुढचं काही दिसेना.

अडचण अशी की तिथं विहीरच नव्हती. मी तो तुकडा दोनदा पालथा घातला. शेवटी त्या बाईंना आठवलं की वखारीच्या कोपऱ्यात एक जागा आहे, तिथं सासूबाई लाकडं रचू देत नसत, दिवाळीत दिवा लावत. सासूबाई गेल्यावर तिथंही लाकडं आली होती. दुसऱ्या सकाळी आम्ही ती हलवली. खाली गोल कठडा लागला आणि त्यावर दगडी फरशी बसवलेली. बाई खाली बसल्या आणि त्यांनी त्या फरशीवरून हात फिरवला.

मग माझं काम सुरू झालं. कठड्यापासून फीत धरून खुरप्यानं माती उकरत गेले. हातभर खाली एक उभी रोवलेली वीट लागली. तेवढ्याच अंतरावर दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला कुणीतरी एक वीट रोवली होती. सहावी वीट सापडली तेव्हा मी साठीची बाई चिखलात बसून मोठ्यानं हसले. पुढच्या दोन आठवड्यांत मी सगळ्या ओळींचा नकाशा काढला आणि चोपड्यातली नावं जागांवर लिहिली.

नकाशा घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. तिथले इंजिनिअर माझ्या भाच्याच्या वयाचे. काम मंजूर झालंय, आता बदल कठीण आहे, असं ते नम्रपणे म्हणाले. दुसऱ्या वेळी मी एकटी गेले नाही. चोपडे छातीशी धरून त्या बाई आल्या आणि काठी टेकत आई आली. आई इंजिनिअरशी गुजरातीत बोलली. बाग करू नका असं ती म्हणाली नाही. ती एवढंच म्हणाली, “फूल वावो, भाई. खोदशो नहीं.” फुलं लावा, खणू नका.

इंजिनिअर दुसऱ्याच दिवशी जागेवर आले. मी त्यांना एकेक वीट दाखवली. त्यांनी स्वतःचा आराखडा उघडला, लाल पेन्सिलीनं सगळ्या ओळींभोवती रेघ ओढली आणि रस्ता भिंतीच्या कडेनं वळवला. कारंजं काढून टाकलं. आत फक्त मोगरा आणि तगर, तीही वरच्या मातीत.

त्याच आठवड्यात मी आईला घेऊन गेले. तिनं निळी साडी नेसली होती. सहाव्या ओळीत नवव्या जागेपाशी खुर्ची ठेवली होती, पण ती बसली नाही. वाकून तिनं जमिनीला हात लावला आणि एक नाव उच्चारलं. मी कधीच न ऐकलेलं. बारसं एका दिवसावर आलं होतं, नाव ठरलेलं होतं, आणि ते तिनं इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मग तिनं ते पुन्हा म्हटलं, या वेळी खणखणीत आवाजात, आणि मलाही म्हणायला लावलं. ती रडली, पण तिचा चेहरा मी इतका मोकळा कधी पाहिला नव्हता.

परत येताना तिनं रिक्षा लहरीपुऱ्याकडे वळवायला लावली आणि पेढे घेतले. मग पुन्हा स्मशानात आणि वॉर्ड ऑफिसात जाऊन त्या बाईंना आणि इंजिनिअरना तिनं ते स्वतःच्या हातानं दिले. कसले पेढे, असं इंजिनिअरनी विचारलं. “मुलीच्या बारशाचे,” आई म्हणाली. त्यांनी दोन्ही हातांत पेढा घेतला.

आता मोगरा लागला आहे आणि माझा नकाशा फाटकाजवळ काचेत लावला आहे. पहिल्या रविवारी पाचसहा घरची माणसं आली, बहुतेक म्हाताऱ्या बायका. कुणी बहीण शोधत होती, कुणी लेक. छाणीहून आलेल्या एका आजींना नकाशा कळेना. आई काठी टेकत त्यांच्यापाशी गेली, त्यांचा हात धरला आणि एकेक वीट मोजत त्यांना घेऊन चालू लागली. खुर्ची घेऊन मी मागून निघाले, पण त्या दोघी भरभर पुढे गेल्या होत्या.