तोंडात घालायचं पाणी

डॉक्टरांनी वडिलांना घरी न्या म्हटलं, त्या दिवशी आईने आधी तांब्या घासायला घेतला. आम्ही खानदेशातले. जाणाऱ्याच्या तोंडात तापीचं पाणी घालायची आमच्या घरातली रीत. गावाजवळून वाहणारी तापीच पुढे सुरतेत येते, म्हणून तिथल्या लिंबायत वस्तीत राहूनही वडिलांना गाव फार लांब वाटलं नाही.

मी नदीवर गेलो. काठाशी जलपर्णी कुजत होती. पिशव्यांत बांधलेलं निर्माल्य फुगून वर आलं होतं आणि त्याभोवती पिवळट फेस साचला होता. पाण्यात हात घालताना बोटं आपोआप आखडली. तांब्या भरला, आणि घरी येईपर्यंत अंगापासून लांब धरला.

"गाळी ले," आई म्हणाली.

गाळलं. फडक्यावर तेलकट वर्तुळ उमटलं.

"उकळून देऊ का?"

"तीर्थ कोनी उकाळस का रे? शिकीसन काय शिकना तू?"

तरी मी उकळलं. कुजका वास सुटला. आईने नाकाला पदर लावला.

वडील आयुष्यभर रंगाईच्या गिरणीत राबले. पाळी संपली की कुंडीतलं रंगीत पाणी खाडीत सोडून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. घरी पिण्यासाठी आम्ही पाण्याचे जार विकत घ्यायचो. स्वच्छ नदीची किंमत काढताना शुद्धीकरणाचा आणि आजारपणाचा टळलेला खर्च धरतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि मला ते पटलंही होतं. त्या दुपारी तांब्याकडे पाहताना त्या मांडणीचीही शिसारी आली.

पाणी मोरीत ओतलं. तांब्या जारखाली धरला. आई पाहत होती. तुळशीचं पान तिनेच टाकलं.

वडिलांनी चमचाभर पाणी बराच वेळ तोंडात धरून ठेवलं.

"तापीनं से ना?"

"हो, आबा."

"नई," ते गिळून म्हणाले. "तापीनं पानी नासेल से. हाई नासेल नई."

संध्याकाळी ते गेले.

भेटायला येणाऱ्यांना आई सांगायची, तापीचं पाणी तोंडात घेऊन गेले. लोक "भाग्यवान" म्हणत आणि जारमधून पेला भरून घेत. मी मान खाली घालून बसायचो. खोटं माझं होतं, तिने फक्त उचलून धरलं होतं.

अस्थी कुठे सोडायच्या हा प्रश्न निघाला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, नदी दारात आहे. ते उठून गेल्यावर आई मला म्हणाली, "गावनी तापीमा टाकू. आठे नको."

"बरं."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "पन वाहत वाहत त्या आठेच येतीन ना?"

"मध्ये धरण आहे, माय. तिथे अडतील."

"मंग बरं," ती म्हणाली, आणि बॅग भरायला उठली.