पहिली कॅसेट

नवीन पनवेलला बाजाराच्या मागे एक टपरी आहे. रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण तिथे जमतो. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे, पोटावर ताणलेले काळे टी-शर्ट, त्यावर घरच्यांना वाचता न येणारी बँडची नावं. विषय एकच, मेटल, म्हणजे आरडाओरड्याचं रॉक संगीत. आणि मेटलमध्येही खरं कुठलं आणि खोटं कुठलं.

आमच्यात एक पद्धत आहे. नवा माणूस आला की त्यानं आधी पहिली कॅसेट सांगायची, म्हणजे कुठली कॅसेट ऐकून या नादाला लागलास ते. त्यावर तुझं ऐकायचं की नाही हे ठरतं. माझी पाळी आली तेव्हा मी कुठल्याशा बर्फाळ देशातल्या, कुणालाच ठाऊक नसलेल्या बँडचं नाव घेतलं. ते खोटं होतं. मला तिथे घेऊन आलेला कॉलेजचा मित्र शेजारीच बसला होता. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि चहात बिस्कीट बुडवलं.

खरी कॅसेट त्यानंच दिलेली होती. तो उरणकडच्या गावातला, मिठागरवाल्यांच्या घरातला. रिकाम्या कॅसेटवर त्यानं एका बँडची गाणी भरून घेतली होती, तीच मला ऐकायला दिली. आतल्या कागदावर इंग्रजी गाण्यांची नावं देवनागरीत, निळ्या पेनानं. बँड म्हणजे तोच, ज्याची गाणी आता जिममध्येही वाजतात. गिटार जड, पण मध्येच गुणगुणता येईल असं धृपद. ती कॅसेट मी टेप खरखरेपर्यंत ऐकली. परत कधीच केली नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी एका रविवारी त्याच बँडवर जुंपली. हे मेटल की नुसतं पॉप?

"दोन पायांनी ड्रम हाय, गिटार हाय, गला फाटंपर्यंत वराडतो. आजून काय पायजे तुमाला?" मित्र म्हणाला.

"अरे, माझी सासूपण गुणगुणते ते," कुणीतरी म्हणालं. "सासूला आवडलं की संपलं!"

"तुजी सासू बरी हाय मग. तिला घेऊन ये पुढच्या रईवारी."

सगळे हसले. पारडं त्याच्याकडे झुकायला लागलं. मला भीती वाटली, कसली ते तेव्हा कळलं नाही. आज कळतं. बँड खरा ठरला असता तर मी खोटं का बोललो, याला कारणच उरलं नसतं. मित्र गावाकडच्या बेंजो पार्टीत, वाजंत्र्यांच्या ताफ्यात, ड्रम वाजवायचा, लग्नाच्या आदल्या रात्री, हळदीला. मी म्हणालो, "हळदीत बेंजो बडवणाऱ्यानं आम्हाला मेटल शिकवू नये."

मोठा हशा झाला. तोही थोडा हसला. एका वाक्यात त्याला मला तिथल्या तिथे उघडं पाडता आलं असतं. त्यानं ग्लास खाली ठेवला, "चला, काम हाय," म्हणाला आणि निघाला. पुढच्या रविवारी आला नाही. नंतरही नाही. मी फोन केला नाही. कामात असेल, असं स्वतःला सांगत राहिलो.

गेल्या महिन्यात कळलं की तोच बँड मुंबईला येतोय. टपरीवर पुन्हा तोच वाद. मला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. म्हटलं, "माझी पहिली कॅसेट यांचीच होती. तेव्हा मी थाप मारली होती."

एक जण म्हणाला, "याचा टी-शर्ट जप्त करा रे!" दुसऱ्यानं विचारलं, "तिकिटं कुठल्या स्टँडची काढायची?" संपलं. जे जपायला मी मित्र घालवला, त्याची किंमत एवढीच होती.

दुसऱ्या दिवशी कॅसेट शोधून काढली आणि उरणजवळ द्रोणागिरीला गेलो. तिथे गोदामांच्या रांगेत त्याचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. मला पाहून तो उठला नाही, पण खुर्ची पुढे सरकवली. मी कॅसेट टेबलावर ठेवली आणि वाटेत पाठ केलेलं सगळं बोललो. खोटं बोललो, तुझं श्रेय लपवलं, तुला ठाऊक असूनही तू गप्प राहिलास, वगैरे.

त्यानं कागद उलगडून स्वतःचं अक्षर पाहिलं. "कॅसेटचं काय लावलंस? त्याचा राग नवताच मना. पोरगं लाजलं, सोडून दिलं." मग बाहेर लागलेल्या कंटेनरकडे बघत म्हणाला, "हळदीचं बोललास तू. माजा बापूस त्याच बेंजोत वाजवायचा. त्याच पैशांवर आमी शालंत शिकलो."

वाटेत पाठ केलेल्यात हे नव्हतंच. मी माफी मागायला आलो होतो ती माझ्या सोयीच्या गुन्ह्याची. खरा गुन्हा माझ्या लक्षातही आला नव्हता, की मी तो टाळला होता, कोण जाणे.

"चुकलो," एवढंच म्हणालो.

"हां," तो म्हणाला.

चहा आला. आम्ही तो प्यायलो. त्याला ड्रायव्हरनं हाक मारली तेव्हा मीही उठलो. त्यानं कॅसेट खणात टाकली आणि खण बंद केला. ये परत, असं म्हणाला नाही. मीही ते ऐकायची वाट पाहत दारात थांबलो नाही.