रंगरावांचा चार्ज

लग्न होऊन मी धामणगाव बढ्याला आले त्याच सुमारास गावात वीज आली. पासष्ट साल असेल. आमच्या भिंतीला भिंत लागून रंगराव इंगळे राहायचे. ते वीज खात्यात लाईनमन. उंच, वाळका माणूस, बोलणं मोजकं. खाकी शर्टाच्या खिशात पक्कड आणि कमरेला चामड्याचा पट्टा. त्यांच्या हाताखाली हैदर नावाचा मदतनीस होता, सुतारगल्लीतल्या सुगराबीचा थोरला मुलगा. दोघं सायकलवर शिडी आडवी बांधून निघाले की कुत्री भुंकत मागं लागायची.

रंगरावांची बायको सुभद्राबाई माझ्याशी लवकर मोकळी झाली. पुढची हकिकत मी थोडी डोळ्यांनी पाहिली, बरीचशी तिच्याकडून आणि हैदरकडून ऐकली. खुद्द रंगराव त्याबद्दल फार वर्षांनी बोलले, तेही एकदाच.

'चार्ज' हा शब्द त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडला तो मलकापुरात. तेव्हा ते आणि त्यांचे वडील महादेवराव कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कामाला होते. संप झाला, फाटकापुढं माणसं बसली. पोलिसांचा एक साहेब मोठ्यानं 'चार्ज!' म्हणून ओरडला आणि त्याचा अर्थ कोणाला कळायच्या आत लाठ्या पडू लागल्या. महादेवरावांच्या खांद्यावर असा घाव बसला की पुढं त्यांचा उजवा हात कानाच्या वर कधी गेला नाही. सदरा घालायलाही त्यांना कोणी तरी लागायचं. रंगराव तेव्हा विशीतले. चार्ज म्हणजे मारा, एवढंच त्यांच्या मनात बसलं.

म्हणून वीज खात्यात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मिस्त्री जेव्हा म्हणाला, "सरका रे, लाईन चार्ज होऊन राह्यली," तेव्हा रंगराव एवढे दचकून मागं झाले की बांधावरून खाली गेले. सगळे हसले. मग मिस्त्रीनंच समजावलं, की तारेत वीज सोडली म्हणजे लाईन चार्ज झाली. त्याच कचेरीत एक साहेब बदलून गेला की दुसरा 'चार्ज घ्यायचा'. मीटरच्या बिलावर वेगळा 'चार्ज' लागायचा. ट्रकवाले बॅटरी 'चार्ज' करायला टाकायचे. रंगराव सारे अर्थ शिकले. पण तो शब्द ऐकला की आधी मान खाली जायची, अर्थ मागून यायचा. हे त्यांनी स्वतःच मला सांगितलं.

भादव्यात एकदा मोठं वारं सुटलं. नाल्यापलीकडच्या ज्वारीच्या शेतात खांबावरची, तार धरून ठेवणारी चिनी मातीची वाटी फुटली आणि तार लोंबायला लागली. तीन गावांची वीज त्याच तारेवर होती. सकाळी रंगराव टपाल कचेरीत गेले. गावातला एकच टेलिफोन तिथं होता. पोस्टमास्तर नारायणरावांनी फोन लावून दिला. लाईन जिथून चालू-बंद करतात त्या उपकेंद्रात वामनराव ड्यूटीवर होते. त्यांनी लाईन बंद केली, तसं सांगितलं, आणि रंगराव कामाला गेले.

अशा कामाआधी तारांवर एक साखळी टाकून तिचं टोक जमिनीत गाडतात. चुकून वीज आलीच तर ती साखळीवाटे जमिनीत जाते, माणूस वाचतो. पण त्या दिवशी साखळी दुसरी टोळी घेऊन गेली होती. हैदर म्हणाला, "रंगुभाऊ, साखळी येऊ देऊ ना. जल्दी कायची हाये?"

"गिरणीवाले सकाळपासून घरी येऊन बसले बे. वामनरावानं बंद केली म्हनलं म्हंजे बंद. चढतो मी."

ते चढले. वाटी बदलायला जेवढा वेळ लागेल असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, त्यापेक्षा फार जास्त लागला. आडवा लोखंडी दांडाच वाकला होता. दुपार उलटली. रंगरावांनी वरूनच हैदरला सांगितलं, "जाय, वामनरावाले फोन कर. म्हना, अजून टाइम लागन."

हैदर सायकल मारत टपाल कचेरीत आला. फोन लागायला वेळ गेला. लागला तो खरखरीतच. पलीकडून वामनरावांचा आवाज आला, "कोन? हैदर का? आयक, मी आता चार्ज देऊन राह्यलो..." आणि पुढचं सगळं खरखरीत बुडालं.

हैदर सांगायचा की त्याला एकच अर्थ लागला. वामनराव लाईन चार्ज करतायत आणि रंगुभाऊ दोन तारांच्या मधे हात घालून उभे आहेत! तो फोनमध्ये किंचाळला, "नका देऊ हो! खुदाच्या वास्ते नका देऊ! मानूस वर हाये!" पलीकडून नुसती खरखर. फोन हातातून सुटला आणि दोरीला लोंबकळत राहिला. सायकल घ्यायचंही त्याला सुचलं नाही. तो बाजारातून, नाल्याच्या पाण्यातून, ज्वारीतून पळत सुटला.

रंगरावांना आधी ज्वारी हललेली दिसली. मग हैदर दिसला, दोन्ही हात वर केलेला. वाऱ्यानं त्याचा आवाज तुटत होता. एकच शब्द वरपर्यंत पोचला.

"चार्ज! भाऊ, चार्ज!"

त्या वेळी रंगरावांचा डावा हात कोपरापर्यंत तारांच्या मधे होता. उजव्या हातात पाना. पट्टा खांबाला आवळलेला. तारेपासून कातडीपर्यंत चार बोटांची जागा. वीज दिसत नाही, तिचा रंग नाही, वास नाही. तार पाच मिनिटांपूर्वी जशी होती तशीच होती. तिच्यावर एक कोतवाल पक्षी मघाशी बसून गेला होता. पण पक्ष्यावरून काही कळत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. वीज आली आहे का? येणार आहे? हात बाहेर काढावा, तर काढताना थरथरून लागला तर? ठेवावा तर किती वेळ ठेवावा? पाना खाली सोडावा म्हणून त्यांनी बोटं उघडायचा प्रयत्न केला, ती उघडेनात. घाम भुवईवरून डोळ्यात उतरला, तो पुसायला हात नव्हता.

"तेव्हा मले माया बापाचा खांदा दिसला," रंगराव म्हणाले होते. "बाकी काईच नाई. ना देव, ना सुभद्रा."

खाली हैदर पोचला होता आणि रडत ओरडत होता. "कूद भाऊ! कूद!"

रंगरावांनी श्वास आत ओढून धरला आणि पायातून काटा काढावा तसा तो हात हळूहळू मागं घेतला. कोपर निघालं. मनगट निघालं. बोटं निघाली. मग मात्र त्यांच्यानं धीर धरवला नाही. पट्ट्याचा आकडा काढला आणि त्यांनी स्वतःला मागं सोडून दिलं.

पाऊस पडून गेलेला, काळी माती मऊ होती, म्हणून जीव वाचला. उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. हैदरनं त्यांना फरफटत तारांपासून लांब नेलं आणि दोघं ज्वारीत पडून वर बघत राहिले. तारांना काहीच झालं नाही. गावातली गिरणी सुरू झाली नाही. वीज आलीच नव्हती.

पाय बुलढाण्याला नेऊन बसवला. गावात बोलणं निघालं ते हैदरबद्दल. त्यानं नसता घोळ केला, वामनराव फक्त ड्यूटीचा चार्ज दुसऱ्याला देत होते, या येड्यानं चांगल्या माणसाचा पाय मोडला. हैदरची आई सुगराबी तोंड लपवून पाण्याला जायची. हैदर रोज रंगरावांच्या अंगणात येऊन बसायचा, पण आत यायचा नाही.

मग एके दिवशी वामनराव आले. अंगणातल्या हैदरला हाताला धरून त्यांनी आत आणलं. खाटेजवळ बसले. सुभद्राबाईनं पाणी दिलं ते तसंच हातात.

"रंगराव," ते म्हणाले, "हैदर चुकला नाई. त्या दिवशी माझी थैली खांद्यावर होती. ड्यूटीचा चार्ज मी पुढच्या पाळीच्या भाऊरावाले दिलता. सारं सांगतलं त्याले. यंत्रात तेल किती हाये, कोनता दिवा गेला, सारं. पन तुमची लाईन मी बंद केली, तुम्ही वर हायेत, हे सांगाचं राहून गेलं. फोन हैदरचा हाये म्हून मी त्याले सांगून राह्यलो, का मी चार्ज देऊन राह्यलो, आता भाऊरावासंग बोल. तेवढ्यात हा वरडला, मानूस वर हाये. म्या वळून पाह्यलं त..."

 सुभद्राबाईनं विचारलं, "त काय भाऊ?"

"भाऊरावाचा हात स्विचच्या मुठीवर होता. लाईन बंद काऊन हाये म्हून तो चालू करत होता. मी थैली फेकून त्याच्या अंगावर पडलो."

 हैदर भिंतीला टेकून खाली बसला. सुभद्राबाई मला म्हणाली, की त्या दिवशी तिला पहिल्यांदा खरी भीती वाटली. नवरा खांबावरून पडला तेव्हा वाटली त्याच्या दुप्पट. आणि मग ती गेलीच नाही. वर्षभर तिनं घरात कंदील लावला. गावाला वीज देणाऱ्याच्या घरात बटण कोणी दाबायचं नाही. बाहेर कोणी चार्ज म्हटलं की ती आतून दार लोटून घ्यायची.

रंगराव कुबडीवरून काठीवर आले. एका सकाळी कचेरीचा शिपाई सायकलवर आला आणि अंगणातूनच म्हणाला, "साहेबानं उद्या बोलावलं. चार्जचं काई तरी हाये." पाणीही न घेता तो पुढच्या गावाला गेला.

साखळीशिवाय चढणं हा गुन्हाच होता. चार्जशीट मिळाली की नोकरी जाते, हे दोघांना माहीत होतं. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही. मी भाकरी नेऊन दिली, ती तशीच झाकून राहिली. सुभद्राबाई म्हणत होती, "पाया पडा साहेबाच्या. म्हना, लंगडा झालो, आता कुठी जाऊ?" रंगराव म्हणाले, "सांगीन. पन साखळी नव्हती हे खरंच हाये ना वं."

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत जाऊन साहेबांपुढं उभे राहिले. साहेबांनी आधी त्यांना चांगलं झापलं. साखळी नसताना पुन्हा कोणी चढलं तर घरी पाठवीन, म्हणाले. मग म्हणाले, "वामनराव बदलीवर जात आहेत. तुम्हाला आता चढता येणार नाही. उपकेंद्राचा चार्ज तुम्ही घ्या."

रंगरावांना कळायलाच वेळ लागला. कळलं तेव्हा आनंद झाला नाही. आतापर्यंत जीव स्वतःचा होता. आता दुसऱ्यांचे जीव त्यांच्या मुठीत येणार होते. ते तसं साहेबांना म्हणाले. साहेब म्हणाले, "म्हणूनच तुम्हाला देतोय."

उपकेंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली आणि जाळीच्या आत घुमणारी यंत्रं. रंगरावांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं, की इथं चार्ज हा शब्द बोलायचा नाही. ड्यूटी दिली म्हणा, वीज सोडली म्हणा, पैसे लागले म्हणा. लोक हसले, मग सवय लागली.

त्यांच्या हातून पहिल्यांदा लाईन बंद झाली ती हैदरसाठीच. हैदर आता लाईनमन झाला होता आणि त्याच नाल्याकडच्या तारेवर काम करत होता. साखळी टाकली, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. दिवस मावळतीला फोन आला, "काम झालं, वीज सोडा." आवाज दुसऱ्याच कोणाचा होता.

"हैदर कुठी हाये?"

"तो सामान आवरून राह्यला. त्यानंच सांगतलं."

"त्याले फोनवर येऊ द्या."

"अवो, तो नाल्यापल्याड हाये..."

रंगरावांनी फोन ठेवला. मुठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. अंधार पडायला लागला. तीन गावांतून फोन सुरू झाले. गिरणीवाले, पाण्याचे पंपवाले, एक पुढारी शिव्या देऊन गेला. रंगरावांचे तळहात ओले झाले होते, ते धोतराला पुसत राहिले. दर वेळी एकच उत्तर. "मानूस आला म्हंजे सोडतो."

फोन पुन्हा वाजला. धापा टाकत कोणी तरी म्हणालं, "रंगुभाऊ, मी हैदर. खाली हाये मी. साखळी काढली. टोळीतली चारही मानसं माझ्याजवळ उभी हायेत."

"नावं सांग त्यायची."

हैदरनं चारही नावं सांगितली. रंगरावांनी प्रत्येकाला फोनवर बोलायला लावलं. मग उठले, मूठ दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि खाली ओढली.

आमच्या गल्लीत दिवे लागले तेव्हा सुभद्राबाई उंबऱ्यात उभी होती. ती दिव्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. रंगरावांनी पुढं निवृत्त होईपर्यंत तो चार्ज सांभाळला आणि त्यांच्या हाताखाली एकही माणूस तारेवर दगावला नाही. पण मूठ ओढताना डोळे मिटायची सवय त्यांची कधीच सुटली नाही. ते मला म्हणाले होते, "वीज सोडली का कोनी तरी वरडन, असं वाट्टे. रोज वाट्टे."