मेलेल्या बाईच्या हातचे लाडू

कृष्णनगरच्या आमच्या गल्लीत शेफालीदींचा आवाज थेट मासळीबाजारापर्यंत पोचतो. तरुणपणी त्यांनी शेजारच्या निशीथबाबूंना तोंडावर नकार दिला होता, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही ठाऊक. यंदा दुर्गापूजेच्या विशेषांकात बाबूंनी लिहिलेली प्रेमकथा आली. तिच्यातली शेफाली लाल काठाची पांढरी साडी नेसून खिडकीशी बाबूंची वाट पाहते आणि झुरून झुरून मरते. नावसुद्धा बदललं नाही गृहस्थानं!

विसर्जनानंतर घरोघरी जाऊन गोड खायची रीत. दरवर्षीसारखे बाबू दीदींकडे आले, आल्या आल्या नारळाच्या लाडवाकडे हात. दीदींनी ताटली मागे ओढली.

“मेलेल्या बाईच्या हातचं खाणार?”

“अगं, कथा ती! बंगाली नायिका अशीच शोभते.”

“शोभते? दोन पोरी आणि आजारी सासू सांभाळताना खिडकीशी बसायला वेळ कुणाला होता? आणि माझा नकार कुठं गिळलात? सांगा सगळ्यांसमोर, काय म्हणाले होते मी?”

पाहुण्यांचं चघळणं थांबलं. बाबू पुटपुटले, “नको म्हणालीस.”

“मोठ्यानं!”

“नको म्हणालीस!”

तेव्हा कुठं दीदींनी त्यांच्या हातावर लाडू ठेवला. तोही ताटलीतला सगळ्यात लहान.